‘रूकी तयार नव्हता म्हणून थांबवला’: हे कारण पटत का नाही

मार्चअखेर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. ‘क्लब रूकीला, म्हणजे नवख्या खेळाडूला, तो तयार झाल्यावरच वर आणतात. खालच्या मायनर लीगमध्ये दोन आठवडे जास्त काढले म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. सेवाकाळाची ओरड खेळाडूंच्या संघटनेची. लवादानेही ती फेटाळली. आणि लीग व संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानंतर तर विषयच संपला.’ ही पाचही विधाने अर्धवट आहेत. त्यांची किंमत विशीतली पोरे मोजतात, म्हणून एकेक तपासून पाहणे गरजेचे वाटते.

आधी हिशेब समजून घेऊ. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय खेळाडू फ्री एजंट होत नाही. तोवर क्लब निवडायची मुभा नाही, बाजारभाव मिळायची सोय नाही. सेवेचे एक वर्ष म्हणजे मेजर लीगच्या संघात १७२ दिवस. हंगाम हल्ली साधारण १८७ दिवसांचा असतो. सुरुवातीचे सोळा दिवस खेळाडूला खाली ठेवले की त्याचे १७१ भरतात, वर्ष अपुरे राहते आणि क्लबला तो सहाऐवजी जवळजवळ सात हंगाम हाताशी मिळतो.

आता ‘तयार नव्हता’ याकडे वळू. २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत, शिकागो कब्सच्या क्रिस ब्रायंटने नऊ होम रन मारले. तेवढे दुसऱ्या कुणीही मारले नव्हते. तरी त्याला आयोवाच्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पायरी) संघात धाडले. कारण दिले गेले की थर्ड बेसवरचे क्षेत्ररक्षण अजून घोटायला हवे. १७ एप्रिलला त्याला वर बोलावले. तो हंगाम १८३ दिवसांचा होता. बारा गेले, उरले १७१. वर्ष भरायला नेमका एक दिवस कमी! थर्ड बेसवरचा माइक ओल्ट तेव्हा जखमी होता, हे कब्सच्या बाजूने सांगायला हवे. पण क्षेत्ररक्षण कच्चे म्हणून खाली पाठवलेल्या मुलाचा कच्चेपणा बारा दिवसांत गेला, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम रूकी ठरला आणि पुढच्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू.

हा संशय आहे असे म्हणणाऱ्यांनी केव्हिन मॅदर यांचे बोलणे आठवावे. सिएटल मरिनर्सचे हे तेव्हाचे अध्यक्ष. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन सभेत त्यांनी उघड सांगितले की २०२० मध्ये तरुण खेळाडूंना वर आणायचेच नव्हते, कारण त्यांचा सेवाकाळ सुरू करायचा नव्हता. ध्वनिचित्रफीत पसरली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. आतल्या माणसानेच कारण सांगितल्यावर ‘संघटनेची ओरड’ कुठे उरते?

काही मुले खरोखर कच्ची असतात, हे मी नाकारत नाही. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये वर आला, ३४ वेळा बॅटिंग करून दोनच हिट मिळाले आणि पंधरवड्यात परत गेला. माझा आक्षेप थांबवण्याला नाही. कारण एक सांगायचे आणि दिवस दुसऱ्याच कारणाने मोजायचे, याला आहे.

‘दोन आठवड्यांनी काय बिघडते?’ ब्रायंटला २०२० अखेर मोकळे होता आले असते, तो २०२१ अखेर झाला. यावर लोक म्हणतात, त्याचे भलेच झाले. २०२० मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी अवघी .२०६ होती आणि नंतर कोलोरॅडो रॉकीजने सात वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर दिले. हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. त्या एका वर्षात गुडघा गेला असता तर? केव्हा बाजारात उतरायचे हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय पहिल्या काही वर्षांत क्लब किमान पगाराच्या आसपासच देतो. २०१५ मध्ये हा किमान पगार ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होता. अनेकांची कारकीर्द सहा वर्षे टिकतही नाही.

लवादाचे म्हणाल तर ब्रायंटची तक्रार २०२० च्या सुरुवातीला फेटाळली गेली, हे खरे. पण प्रश्न होता, करार मोडला का? रूकीला कधी वर आणायचे याचे बंधन करारात नव्हते. क्लबने खेळाचे कारण पुढे केले होते. ते खोटे असल्याचे सिद्ध करायचा भार खेळाडूवर. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून दिवस मोजले गेले नाहीत असे ठरत नाही.

राहिला २०२२ चा करार. तो सुधारणाच आहे. प्रत्येक लीगमध्ये सर्वोत्तम रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांना आता पूर्ण वर्षाची सेवा मिळते. ॲडली रचमन २०२२ मध्ये मे महिन्यात वर आला, दुसरा ठरला, वर्ष मिळाले. ११ मे २०२४ ला पदार्पण केलेल्या पॉल स्कीन्सलाही पुरस्कारासोबत ते मिळाले. उलट, रूकीला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या क्लबला बक्षीस आहे: तो गाजला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जादा निवड. हुलिओ रॉड्रिगेझमुळे सिएटलला ती मिळाली. मात्र हे बक्षीस शंभर होतकरू खेळाडूंच्या नामांकित याद्यांत असलेल्यांपुरते आहे, आणि सेवेचे वर्ष हंगामाला चौघांपुरते. यादीबाहेरच्या मुलासाठी १७१ चा हिशेब जसाच्या तसा आहे, आणि मतदानात तिसऱ्या आलेल्यासाठीही.