खुलासा: स्पेक्ट्रमला ‘कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर’ चालत नाही

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरला पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर चालतो, ही फिरणारी पोस्ट माझीच. ती अर्धवट आहे, चूक माझी. १९८२च्या या मशीनला अडॅप्टरच्या पिनच्या मध्यभागी ऋण लागतं, बाहेर धन. आजच्या बहुतेक अडॅप्टरचं नेमकं उलट. उलटा लावला तर आतले भाग जळू शकतात. शिवाय मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा. गिटार पेडलचा अडॅप्टर बहुधा मध्ये ऋण असतो खरा, पण करंटला बरेचदा कमी पडतो.

मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या मीटरची) लाल वायर पिनच्या मध्ये, काळी बाहेर लावा. आकडा वजा आला तरच पुढे जा. जुनी पोस्ट काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया फॉरवर्ड करू नका, हा खुलासा पाठवा.