चिलीम कोणाच्या हातात द्यायची?

तर वेबसिरीज लिहायला घेतलीय तुम्ही, आणि तिसऱ्या भागापर्यंत काहीच घडत नाही असं निर्मात्याचं म्हणणं आहे. डोकं धरून बसू नका. गांजा घाला. या एका झाडाने हिंदी पडद्याला पन्नासहून जास्त वर्षं पोसलं आहे. त्याने गाणी दिली, खलनायक दिले, बिघडलेल्या बहिणी दिल्या, आणि २०२० साली तर वृत्तवाहिन्यांची दिवाळी दिवाळीआधीच साजरी करून दिली. तुमचा तिसरा भाग म्हणजे त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. पथ्य एकच पाळायचं. काय ओढलं जातंय याचा फार विचार करायचा नाही, कोण ओढतंय ते आधी ठरवायचं. मग पार्श्वसंगीत, प्रकाशयोजना आणि शिक्षा आपोआप ठरतात.

श्रीगणेशा शंकरापासून करा. नायकाला नशा करायचीच असेल तर त्याला देवळात न्या. १९७४ च्या ‘आप की कसम’मध्ये राजेश खन्ना आणि मुमताज शिवरात्रीची भांग पिऊन ‘जय जय शिव शंकर’वर जे काही करतात, ते बघताना कुठल्या आईने पोरांना टीव्हीसमोरून उठवल्याचं ऐकिवात नाही. उलट आईच ताल धरते. ‘सिलसिला’ (१९८१) तर याच्याही पुढची इयत्ता. दुसऱ्याच्या बायकोवरचं प्रेम तिच्या नवऱ्यासमोर, शिवाय स्वतःच्या बायकोसमोर, ढोलकीच्या ठेक्यावर जाहीर करायचं, हे शुद्धीतल्या माणसाला परवडणारं नाही. पण पांढरा कुर्ता, गुलाल आणि हातात भांगेचा पेला असला की त्याला सण म्हणतात. आजही कुठल्याही सोसायटीच्या धुळवडीत ‘रंग बरसे’ लागतं, आणि समस्त नवरे-बायका ते हातात हात घालून म्हणतात.

कायदासुद्धा तुमच्याच बाजूने आहे. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा एखाद्या मुरलेल्या पटकथालेखकाने लिहिल्यासारखा आहे. याच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. याच झाडाचा चीक म्हणजे चरस, तोही गुन्हा. नुसती पानं मात्र, फुलोरा सोबत नसेल तर, व्याख्येतच बसत नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेचे सरकारमान्य ठेके पाटी लावून चालतात. महाराष्ट्रात भांगेलाही १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, पण तुमच्या वाड्यातल्या सीनमध्ये उत्पादन शुल्कचा इन्स्पेक्टर कशाला कडमडेल?

मालिका लिहीत असाल तर काम आणखी सोपं. मार्च आला की वाहिनीवरून फोन येतो, रंगपंचमीचा महाएपिसोड हवाय. खरं तर आपल्याकडे होळीला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि पाचव्या दिवशी रंग असा बेत. थंडाईचा पेला बऱ्याच मराठी आज्यांनी टीव्हीवरच पहिल्यांदा पाहिला. पण मालिकेतल्या घराला अंगण असतं, अंगणात झेंडूच्या माळा असतात आणि मधोमध थंडाईचा भला थोरला हंडा असतो. भांग घोटणारा माणूस अजिबात दाखवू नका. पानं भिजवायची, धुवायची, बदाम-बडीशेप-मिरी-खसखशीसकट पाट्यावर लोण्यासारखी वाटायची, तो हिरवा गोळा फडक्यातून दुधात गाळायचा. यात तास मोडतो आणि हाताला वास राहतो तो वेगळाच. त्यापेक्षा धाकट्या जावेच्या पदराआडून एक छोटी निळी बाटली काढा. बाटलीवर काहीही लिहिलेलं नको. तीन थेंब, तीन वेळा क्लोजअप, तीन वेळा वीज. मग ट्रे फिरतो, पेले बदलतात आणि सुनेसाठी घातलेलं सासू पिते. चारशे भागांत जिच्या कपाळावरची आठी हलली नाही ती सासू आता व्याह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, “मला कथ्थक शिकायचं होतं हो,” म्हणून हुंदके देते. सकाळी लिंबूपाणी, आणि सगळं माफ. दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूने त्याच्या पेल्यात गुंगीचा पदार्थ मिसळला तर कायद्याने दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे वाहिनीच्या वकिलाला विचारायला जाऊ नका. धाकटी जाऊ टीआरपी आणते.

एक बारीकशी अडचण आहे, तीही निस्तरून टाकू. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते. पडद्यावर एवढा वेळ नसतो, त्यामुळे पेला ओठाला लागताक्षणी डोळे फिरलेच पाहिजेत. खऱ्या आयुष्यात ज्याला जास्त झाली तो बहुधा कोपऱ्यात बसतो, घशाला कोरड, छातीत धडधड, एकच वाक्य चारदा बोलतो आणि आपण आता मरणार अशी त्याची पक्की खात्री असते. हे चित्र कोणाला बघायचंय? पडद्यावर भांग चढली की शंभर माणसं एकाच मात्रेवर डावा पाय उचलतात. शुद्धीवरच्या लेझीम पथकाला ही शिस्त यायला महिनाभर तालीम लागते.

आता मुलगी. इथे मात्र सांभाळून. मुलीने ओढलं की तो सण राहत नाही, ती समस्या होते. १९७१ साली देव आनंद यांनी ‘हरे रामा हरे कृष्णा’त काठमांडूच्या हिप्पींमध्ये झीनत अमानच्या हाती चिलीम दिली, आशाबाईंचा आवाज दिला, राहुल देव बर्मनचं संगीत दिलं. मग लागलीच भाऊ म्हणून स्वतः उभे राहिले आणि किशोरकुमारच्या आवाजात रामाचं नाव बदनाम करू नका असा उपदेश केला. शेवटी बहिणीला जीव द्यायला लावला. हिशेब चोख. नेपाळने १९७३ साली गांजाच्या दुकानांचे परवाने रद्द केले. आपल्याकडे ‘दम मारो दम’ अजून चालूच आहे. उपदेशाचं गाणं कितीजणांना तोंडपाठ आहे ते पुढच्या अंताक्षरीत तपासा. तेव्हा सूत्र लिहून घ्या: साडेतीन मिनिटं मजा, मग रडारड, मग मरण. सेन्सॉरची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की व्यसनाला उत्तेजन देणारी, त्याचं समर्थन करणारी किंवा त्याला झळाळी देणारी दृश्यं नकोत. मुलगी मेली की झळाळीची भरपाई होते.

मुलाने ओढलं तर त्याला मारायची गरज नाही. तो नायकाचा मित्र असतो, त्याला भूक लागते, तो फ्रीजशी गप्पा मारतो. संपलं.

साधू लिहायचा असेल तर तो कॅमेऱ्याकडे बघून धूर सोडतो आणि नायकाला त्याच्या आईचं नाव सांगतो. चिलमीच्या बुडाशी ओल्या फडक्याची छापी कोण गुंडाळतंय, विस्तव कोण फुंकतंय, हे विचारू नका. साधूला चेले असतात आणि चेल्यांना संवाद नसतात.

मजकूर खरोखरच कमी पडत असेल तर पात्रांना गोव्याला पाठवा. पडद्यावरच्या गोव्यात शाळा नाही, बँक नाही, जात्रा नाही, पंचायतीची निवडणूक नाही. विमानतळ संपला की थेट समुद्र लागतो, समुद्रावर एक रशियन बाई असते आणि तिच्याकडे पुडी. १९७१ च्या त्या गाण्याचं नाव उसनं घेऊन २०११ साली गोव्यावर चित्रपट निघाला तेव्हा गोव्यात बरीच ओरड झाली, आमची बायका-माणसं अशी नाहीत म्हणून. दोन वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटाने गोव्यात झॉम्बी, म्हणजे चालती-फिरती प्रेतं, आणली. झॉम्बींच्या बाजूने कोणी ओरड केली नाही, यावरून धडा घ्या. स्थानिक माणूस लिहायचाच असेल तर त्याला गळ्यात क्रॉस, हातात फेणी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅन’ द्या. पेडण्याचा भात लावणारा, मराठी कीर्तनाला जाणारा म्हातारा दाखवलात तर प्रेक्षक म्हणेल, लोकेशन चुकलं.

खलनायकाची चिंता नको. १९७६ साली ‘चरस’ नावाचा चित्रपट काढणारे रामानंद सागर यांनीच ११ वर्षांनी दूरदर्शनवर रामायण आणलं. म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच हाताखालून जाऊ शकतात. भांगेत तुळस म्हणतात ती हीच असावी.

पण खरं शिकायचं असेल तर सिनेमाकडे नको, बातम्यांकडे बघा. अमेरिकेत १९३६ साली ‘रीफर मॅडनेस’ नावाचा चित्रपट निघाला होता. त्यात शाळकरी पोरं दोन झुरके मारतात आणि बघता बघता माणूस गाडीखाली, खून, वेडाचा झटका, सगळं ओळीने. सत्तरच्या दशकात तिकडची कॉलेजची पोरं तो तिकीट काढून बघायची आणि पोट धरून हसायची. आपल्याकडे २०२० च्या पावसाळ्यात तोच खेळ रोज रात्री नऊला लागायचा, आणि हसायचं नव्हतं. निवेदकाच्या मागे हिरवं पान फिरायचं, पानातून धूर, धुरातून ‘माल है क्या’. एका अभिनेत्रीच्या गाडीमागे कॅमेरे असे धावले की जणू काचेतून हात घातला की किलोभर तरी निघेल. ती सप्टेंबरात आत गेली, ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. पुढच्या वर्षी क्रूझवरच्या छाप्याचा सीझन आला. एका सुपरस्टारचा मुलगा ऑक्टोबरभर कोठडीत-तुरुंगात, त्याच्यापाशी काहीच सापडलेलं नव्हतं, आणि मे २०२२ मध्ये आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. लेखक म्हणून यातली कारागिरी बघा: अख्खा सीझन चालला आणि प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये दाखवायची वस्तूसुद्धा, लागली नाही.

पोलिसी कारवाई लिहिताना मात्र खरं काही लिहू नका. तुमचा अधिकारी सुरीच्या टोकाने पाकीट फोडून, जिभेला लावून, “प्युअर आहे” म्हणाला पाहिजे. खरा अधिकारी असं काही चाखत नाही. तो दोन पंच शोधतो, आणि पंच म्हणून बहुतेक नाक्यावरचा पानवाला सापडतो, त्याला दुकान सोडून यायचं नसतं. मग वजनकाटा, पंचनामा, नमुन्याच्या पुडीवर लाखेचं सील, कालिन्याच्या प्रयोगशाळेकडे रवानगी आणि अहवालाची वाट. गांजा १ किलोच्या आत ‘अल्प’, २० किलोच्या वर ‘व्यापारी’. व्यापारी म्हटलं की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि जामीन जवळपास विसरायचा. यात पाठलाग कुठे घालणार?

आणि हो, तुमच्या टीममध्ये एखादा जिल्हा आवृत्ती वाचणारा असतोच. तो म्हणेल की आपण शिरपूरचा शेतकरी घेऊ, कापसाच्या आणि तुरीच्या आडोशाला सातपुड्याच्या पायथ्याशी गांजा लावणारा. किंवा आंध्र-ओडिशा सीमेवरून नारळाच्या नाहीतर भुशाच्या पोत्यांखाली माल घेऊन येणाऱ्या ट्रकचा क्लीनर घेऊ. त्याने पेपरातला फोटोही आणलेला असेल: टेबलावर खाकी टेपने गुंडाळलेली विटांसारखी पाकिटं, मागे छाती काढून उभी असलेली अख्खी शाखा, आणि पुढे जमिनीवर उकिडवा बसलेला, तोंडाला टॉवेल बांधलेला पोरगा. चपला काढून ठेवलेल्या.

त्याला प्रेमाने समजवा. या पोराला गाणं नाही. तो देवळात पीत नाही, गोव्यात नाचत नाही, त्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट कोणी दाखवत नाही. तो स्वतः ओढतो की नाही हेही कोणाला ठाऊक नाही. ट्रक कोणाचा, पैसे कोणाचे, हे त्याला माहीत असेलच असं नाही, आणि ज्याला माहीत आहे तो फोटोत नाही. जामीन नाही म्हणजे तारखा. तारखा म्हणजे एकच खोली, एकच बाक, वर्षानुवर्षं. कला दिग्दर्शक कंटाळेल.

फारच हट्ट धरला तर सहाव्या भागात क्लीनरला एक शॉट द्या, नायक त्याच्या अंगावरून उडी मारून पळतो तो. त्या वेळी नायकाच्या ओठांत सिगारेट असेल तर खाली तंबाखूचा इशारा टाकायला विसरू नका, सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही तो नियम लागू आहे. आणि बैठकीत वाहिनीच्या बाईंनी विचारलंच की त्या पोराचं पुढे काय झालं, तर सांगा, सीझन दोनमध्ये बघू.