"एआयचं इंजेक्शन आलं, केमो बंद करा", अहो थांबा जरा

सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. एका बायोटेक स्टार्टअपने म्हणे एआय वापरून सेल थेरपीचं असं इंजेक्शन बनवलंय की एका डोसात कुठलाही कॅन्सर गायब, केमोची गरजच नाही, भारतात यायला अजून दहा वर्षं आणि डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, पण हे वाचून आमच्या मावशीने "बुधवारची केमो पुढं ढकलू का रे?" असं विचारलं, म्हणून लिहितोय.

"एआयने औषध शोधलं." अशा स्टार्टअप आहेत, एआय वापरतात हेही खरं. पेशंटच्या टी-सेलवर (रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी) कॅन्सरची पेशी ओळखणारा रिसेप्टर बसवायचा असतो, त्याची ढीगभर डिझाईन्स कॉम्प्युटरवर चाळून त्यातली बरी निवडायला एआय कामाला येतं. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल प्रोटीन डिझाईन आणि प्रोटीनची रचना ओळखण्यालाच मिळालंय, तेव्हा फालतू काम नाहीये ते. पण पुढं लॅब, मग उंदीर, मग माणसांवर ट्रायल, हे कोणाला चुकत नाही. पिंपळगावच्या बागायतदाराला विचारा, वाण कॉम्प्युटरने निवडून दिलं म्हणून छाटणीनंतर पंधरा दिवसांत द्राक्षं उतरतात का?

"एक इंजेक्शन, केमो नको." हे वाचून तर हसूच आलं. टी-सेल अशा बदलून देण्याच्या या थेरपीला कार-टी म्हणतात, त्यात आधी पेशंटला काही तास मशीनला जोडून रक्तातून पांढऱ्या पेशी काढतात, त्यातल्या टी-सेलमध्ये निकामी केलेल्या व्हायरसमार्फत नवीन जीन घालतात, त्या वाढवतात, तपासतात, यात काही आठवडे जातात, आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या आधी काही दिवस काय देतात? केमोच! नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. वर ताप, बीपी पडणं, कधी थेट आयसीयू, हे वेगळंच.

"कुठलाही कॅन्सर." इथं खरी गडबड आहे. कार-टीचं यश मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरमध्ये आहे, काही ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा. बी-सेलवर (याही पांढऱ्या पेशीच) सीडी१९ नावाची खूण असते ती पकडायची, सोबत चांगल्या बी-सेल मेल्या तरी माणूस निभावतो. मावशीला तोंडाचा कॅन्सर आहे (मिश्री, दुसरं काय). गाठीच्या कॅन्सरमध्ये अशी सोयीची खूण सापडत नाही, जी सापडते ती बऱ्याचदा चांगल्या अवयवांवरही असते, आणि टी-सेल गाठीत शिरल्या तरी तिथं थकून जातात. थोडी सुरुवात झालीय, २०२४ मध्ये अमेरिकेत एका दुर्मिळ सार्कोमासाठी (हाही गाठीचाच कॅन्सर) टी-सेल थेरपीला मंजुरी मिळाली, पण म्हणून "कुठलाही"?

"भारतात दहा वर्षं." अहो आलीये की! आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी कित्येक वर्षं खपून बनवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते लाँच झालं. अमेरिकेत तीन-चार कोटी लागतात, इथं तीस-चाळीस लाखांच्या आसपास. हेही आपल्याला झेपणारं नाही, ते वेगळं रडगाणं.

आणि राष्ट्रपतींनी टीव्हीसमोर लाँच केलेली गोष्ट डॉक्टर लपवतायत म्हणे.

बुधवारी मावशीला मीच घेऊन गेलो. सलाईन चालू असताना तिच्या मोबाईलवर तोच मेसेज आला, यावेळी जाऊबाईंकडून, खाली तीन हात जोडलेले.