उगाच रखडत नाही

कॅनडातली विनिपेग–चर्चिल रेल्वेगाडी ‘उगाच रखडते’ असं एका लेखात म्हटलंय. उगाच नाही हो. १,६९७ किलोमीटरच्या या मार्गाचा उत्तरेकडचा भाग दलदल आणि कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. भरावाखालचा बर्फ वितळला की जमीन जागोजागी खचते, रूळ खालीवर होतात. तिथे वेग वाढवला तर डबे हेलकावून घसरायचे. रुळालगतचे तारांचे जुने खांब बघा: तीन वासे वर एकत्र बांधून केलेली तिपाई. एकटा खांब पुरला तर गोठणारी जमीन तो हळूहळू वर ढकलते, शेवटी आडवाच होतो.

वेळापत्रकात दोन रात्री असल्या तरी परतीचं विमान गाडी पोचण्याच्या दिवसाचंच काढू नका, एक दिवस मोकळा ठेवा. चर्चिलला रस्ता नाही. रजा कमी असेल तर वाटेवरच्या थॉम्पसन गावापर्यंत मोटार चालवत जा आणि तिथून रात्रीची रेल्वे पकडा. शायिका घेताना खालचीच मागा. वरचीला खिडकी नसते, आणि खिडकीसाठीच तर जायचं! ध्रुवीय प्रकाश दिसत नाही म्हणणाऱ्यांच्या काचेत बहुतेक वेळा डब्यातला दिवा दिसत असतो. डोक्यावरून शाल घेऊन काचेला नाक टेकवा.

चर्चिलची ध्रुवीय अस्वलं बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, बेलुगा (पांढरे) व्हेल बघायचे तर जुलै-ऑगस्ट. अस्वलांच्या दिवसांत आधी खोली मिळवा, मग तिकीट. आणि शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर असू द्या.