लोणारच्या पाण्यानं बीपी उतरत नाही, गोळी चालू ठेवा

आत्यानं काल विचारलं, गोळी बंद केली तर चालेल का. कारण सगळ्या ग्रुपवर फिरणारा तो फॉरवर्ड: लोणारच्या तलावात मीठ खाणारे जिवाणू सापडलेत, ते पाणी रोज चमचाभर घेतलं की अंगातलं जास्तीचं मीठ खाऊन टाकतात, डीएनए टेस्टमध्ये ते पृथ्वीवरच्या कुणाशीच जुळले नाहीत म्हणजे उल्केबरोबर आले, आणि 2020 ला तलाव गुलाबी झाला तो त्याचाच पुरावा.

आधी गोळीचं. मीठ खाऊन कोणी जगत नाही हो! या जीवांना राहायला खारं पाणी लागतं, पोट भरतं मेलेल्या शेवाळासारख्या सेंद्रिय मालावर. त्यातले सगळ्यात कट्टर म्हणजे हॅलोआर्किया (आर्किया म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव, हे त्यातले खारटपणात राहणारे), ते बाहेरच्या मिठाला तोंड द्यायला पेशीत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात, आणि गोड्या पाण्यात टाकले तर बहुतेकांच्या पेशी फुटतात, ते पोटात जाऊन काय दिवे लावणार? मीठ खरंच खाल्लं असतं तर तलाव कधीच गोडा झाला असता. आणि लोणारचं पाणी म्हणजे सोडा, पीएच 10 च्या आसपास (साधं पाणी 7 च्या जवळ), सोडियमच सोडियम, आणि ते बीपीवाल्याला पाजायचं. धन्य आहे.

आता डीएनए. पाण्यातून किंवा गाळातून डीएनए काढतात, त्यातलं 16एस नावाचं साधारण 1500 अक्षरांचं जीन पीसीआरनं (डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) वाढवतात, वाचतात आणि माहीत असलेल्या जीवांच्या डेटाबेसशी लावून बघतात. हे जीन सगळ्या जिवाणूंत आणि आर्कियांत असतं, त्याचे काही तुकडे सगळ्यांत जवळपास सारखेच, आणि त्या तुकड्यांना प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटतो म्हणून तर ते वाढतं. म्हणजे जीन वाचता आलं तिथेच ठरलं की प्राणी आपल्याच खानदानातला. परग्रहावरचा असता तर ट्यूबमध्ये काही वाढलंच नसतं, मग रिपोर्ट कसला आणि जुळवणी कसली.

बरं, "जुळत नाही" असं निघतं हे मान्य. 98.7 टक्क्यांच्या खाली जुळलं तर नवी प्रजाती असू शकते असा ढोबळ नियम आहे. पण नवी प्रजाती म्हणजे नवा ग्रह नव्हे, बाकीची अक्षरं नातेवाइकांशीच जुळतात. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन संस्थेच्या लोकांनी 2006 मध्ये लोणारच्या जिवाणूंवर असंच काम छापलंय, त्यात प्रोटिओबॅक्टेरिया, फर्मिक्युट्स असले जगभर सापडणारे गट आहेत.

विवर उल्केमुळे झालं, तेही खरं. पण हॅलोआर्किया मृत समुद्रातही आहेत आणि राजस्थानच्या सांभर या खाऱ्या तलावातही, तिथे कोणती उल्का पडली?

राहिला गुलाबी रंग. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तेव्हाच तपासलं होतं, रंगद्रव्य हॅलोआर्कियांचं. नमुना काही दिवस न हलवता ठेवला तर सगळे तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, हे फोफावले, एवढंच झालं होतं.