थीम अपडेट केल्याने सगळेच बदल पुसले जात नाहीत

‘वर्डप्रेसची थीम अपडेट केली की केलेली सगळी सजावट उडते, म्हणून अपडेट बंदच ठेवा,’ असा सल्ला वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांत सध्या फिरतो आहे. थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच. त्यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे, दुसरा सरळ धोकादायक.

अपडेटच्या वेळी वर्डप्रेस थीमचा जुना फोल्डर काढून तिथे नवा ठेवतं. त्यामुळे थीमच्या मूळ फाइलींत हाताने घातलेला कोड जातो, हे खरंच. पण कस्टमायझरमधले (साइटचं रूप बदलायच्या सेटिंग्जच्या पडद्यावरचे) रंग, मेनू, तिथे लिहिलेलं जादा सीएसएस, म्हणजे सजावटीचा कोड (ही सोय ४.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासून आहे) किंवा साइट एडिटरमधून (नव्या थीममधल्या मांडणीच्या संपादकातून) केलेले बदल डेटाबेसमध्ये असतात. त्यांना अपडेटचा धक्का लागत नाही.

कोडच बदलायचा असेल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली जोड-थीम, करा. वेगळा फोल्डर, त्यात स्टाइल.सीएसएस ही फाइल आणि तिच्या माथ्यावर ‘टेम्पलेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. एवढ्यावर ती उभी राहते. पानाची मांडणी ठरवणारी टेम्पलेट फाइल दोन्हीकडे असेल तर चाइल्डमधलीच वापरली जाते. थीमचा कोड जिथे असतो त्या फंक्शन्स.पीएचपी फाइलीचं मात्र तसं नाही: दोन्ही चालतात, चाइल्डची आधी. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी डकवू नका. तेच फंक्शन दोनदा आलं तर साइट बंद पडू शकते. थीम बदलली तरी टिकावं असं काम छोट्या प्लगइनमध्ये (थीमपासून वेगळ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) टाकलेलं बरं.

एक मेख आहे. कस्टमायझरच्या बऱ्याच सेटिंग्ज थीमनिहाय साठतात, त्यामुळे चाइल्ड थीम सुरू केल्यावर त्या पुन्हा भराव्या लागतात. अफवेचा उगम बहुधा इथलाच.