औंढ्याच्या प्रयोगशाळेवरचा आळ

हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली की एक मजकूर पुन्हा मोबाइलवर फिरू लागतो. औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेतून जमिनीत लहरी सोडतात म्हणून भूकंप होतात, तिथला लेसर ढग पळवतो आणि अमेरिकेत असे यंत्र असताना २,६०० कोटी रुपये वाया चालले आहेत, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ही प्रयोगशाळा गुरुत्वलहरी, म्हणजे ताऱ्यांच्या टकरींसारख्या घटनांमुळे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग, लेसरच्या यंत्राने टिपण्यासाठी आहे.

आधी भूकंप. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा इथे लेसर बसलेलाच नव्हता. किल्लारी तर १९९३ ची. अशा यंत्राचा लेसर फार तर २०० वॅटचा असतो. ४.५ च्या धक्क्यातून लहरींच्या रूपाने जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी त्यातून जमवायची तर तो साधारण ५५ वर्षे अखंड चालवावा लागेल. खरे तर हादऱ्यांचा धसका यंत्रालाच असतो. लेसर ज्यातून धावतो त्या ४ किलोमीटरच्या नळीच्या, म्हणजे यंत्राच्या भुजेच्या, लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा असल्यामुळे सुमारे ४० किलोचा आरसा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अशा काचतंतूंवर टांगलेला असतो. अमेरिकेत हॅनफर्डच्या यंत्रात एकदा चमत्कारिक नोंदी उमटू लागल्या. शोध घेतला, तर डोमकावळे बाहेरच्या नळीवर साचलेल्या बर्फावर चोची मारत होते! मग धक्के बसणारा जिल्हा निवडलाच कसा, असे कोणी विचारेल. अधूनमधून येणारा धक्का वेगळा आणि रेल्वे, कारखाने, वाहतूक यांची अहोरात्र चालणारी थरथर वेगळी. यंत्राला जास्त नडते ती दुसरी.

ढगांचे उत्तर थोडक्यात देता येते. लेसरचा झोत पोलादी नळीतल्या निर्वातात, जमिनीला समांतर, आरशाकडून आरशाकडे जातो. आकाशाकडे तो वळतच नाही. पाऊस पळवल्याचा आळ पवनचक्क्यांवरही आलाच होता.

खर्चाचा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. एकट्या यंत्राला गुरुत्वलहर आल्याचे कळते, पण ती नेमकी कुठून आली हे धड सांगता येत नाही. ती दिशा दूरदूरच्या यंत्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून काढावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांना इटलीतील व्हर्गो या तशाच यंत्राची जोड होती, म्हणूनच आकाशाचा शोधायचा भाग बराच लहान झाला आणि न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर कोणत्या दीर्घिकेत झाली, ते दुर्बिणींना काही तासांत सापडले. पृथ्वीच्या या बाजूचे यंत्र त्यात भर घालील. जमिनीच्या मोबदल्याचा आणि स्थानिक मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न जरूर विचारावा, पण त्या मजकुरात त्याविषयी एक ओळही नाही.